यंत्राचा मृदंग आणि ऐकणारा कान

श्रीगजाननाच्या आगमनाची वर्दी डोळ्यांच्या आधी कानांना मिळते. मूर्ती अजून गल्लीच्या वळणापलीकडे असते, तोच ताशाची तर्री आणि ढोलाचा ठोका घरात येऊन पोहोचतो आणि ओवाळणीचे तबक घेऊन सुवासिनी उंबरठ्याशी येतात. गेली काही वर्षे मात्र या परिचित नादासोबत आणखी एक नाद आपल्या दारावरून जाऊ लागला आहे. तो कानांपेक्षा छातीला अधिक जाणवतो. त्याने खिडक्यांची तावदाने थरथरतात, फळीवरची भांडी किणकिणतात. त्यामागे ना कातडे, ना लाकूड, ना वादकाचा हात. तो विजेतून जन्मलेला नाद आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. उत्सवात काय वाजावे हा प्रश्न त्यामुळे आता ओसरीवरच्या गप्पांपुरता उरलेला नाही. एक पक्ष म्हणतो, यंत्राचे वाद्य ही परंपरेला लागलेली कीड आहे. दुसरा म्हणतो, काळाबरोबर चालावे. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात. परंतु हा विजेचा ठोका घडतो कसा, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ज्या वस्तूची घडण ठाऊक नाही, तिला वंद्य वा निंद्य ठरविणे शास्त्राला धरून होणार नाही. नारदांच्या गादीवर उभे राहून आयुष्यभर मृदंगाच्या आधाराने बोलत आलेल्या प्रस्तुत लेखकास ही चौकशी करणे आपले कर्तव्य वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्वातिमुनींचे सरोवर

नवा नाद घडविण्याची ओढ आजची नव्हे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग केले. त्यांपैकी अवनद्ध, म्हणजे कातड्याने मढविलेल्या वाद्यांच्या उत्पत्तीची कथा त्यांनी मोठ्या रसाळपणे सांगितली आहे. अनध्यायाच्या दिवशी, आभाळ भरून आले असता, स्वाती नावाचे मुनी पाणी आणण्यासाठी सरोवरावर गेले. इंद्राने मुसळधार वर्षाव आरंभिला. वाऱ्याने लोटलेल्या जलधारा कमळाच्या पानांवर पडू लागल्या. मोठ्या पानाचा नाद निराळा, मधल्याचा निराळा, धाकट्याचा निराळा. मुनींनी तो लक्षपूर्वक ऐकला, त्यातील गंभीर, मध्यम व उच्च असे भेद मनात पक्के केले आणि आश्रमात परतून विश्वकर्म्याच्या साहाय्याने मृदंग, पणव, दर्दुर ही वाद्ये सिद्ध केली. कमळालाच पुष्कर म्हणतात. म्हणून ही वाद्ये पुष्करवाद्ये.

या कथेतील क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा. प्रथम श्रवण, मग विवेक आणि त्यानंतर घडण. विश्वकर्म्याची करामत तिसऱ्या पायरीवर येते. पहिल्या दोन पायऱ्या मुनींच्या कानाने चढलेल्या आहेत.

भरतमुनी एवढ्यावर थांबत नाहीत. मृदंगाच्या मुखावर लेप देण्यासाठी नदीकाठची मऊ, काळसर माती कशी निवडावी, ते सांगतात. त्या लेपाने स्वर जुळविण्याच्या मायूरी, अर्धमायूरी व कार्मारवी अशा तीन मार्जना वर्णितात. पुष्करवाद्यांतून निघणारी सोळा अक्षरे मोजून दाखवितात. म्हणजे मृदंग केवळ ठोके देत नाही, तो अक्षरे उच्चारतो, ही जाणीव आपल्या शास्त्रात आरंभापासून आहे. महादेवाच्या डमरूच्या चौदा आघातांतून पाणिनीची चौदा सूत्रे प्रकटली, असे वैयाकरणांची परंपरा मानते, त्याचेही मर्म हेच. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाने संगीतरत्नाकर रचणाऱ्या शार्ङ्गदेवांनी सहावा अध्याय सबंध वाद्यांना वाहिला, तोही याच परंपरेला अनुसरून.

घड्याळजीचा मृदंग

आता विजेच्या मृदंगाकडे वळू. इकुतारो काकेहाशी हे जपानी गृहस्थ तरुणपणी घड्याळे दुरुस्त करीत. पुढे ते विद्युत्-वाद्यांकडे वळले आणि १९७२ साली ओसाका येथे त्यांनी रोलँड नावाची कंपनी स्थापिली. या कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे तालयंत्र बाजारात आणले. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांचे एलएम-१ हे यंत्रही आले. दोन्ही यंत्रे ठेका धरीत. परंतु त्यांचे मार्ग भिन्न होते. लिन यांच्या यंत्रात खऱ्या ढोलांचे ध्वनिमुद्रित ठोके साठविलेले होते. काकेहाशींच्या यंत्रात असा एकही ठोका नव्हता. प्रत्येक नाद विजेतून नव्याने घडविला जाई. एकाला छायाचित्र म्हणावे, तर दुसऱ्याला मूर्ती. छायाचित्रास समोर मूळ वस्तू लागते. मूर्तिकारास माती, हात आणि मनातील ध्यान पुरते. अशा रीतीने निरनिराळ्या अंशांतून नाद रचणाऱ्या यंत्रास सिंथेसायझर म्हणतात. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी अशा वाद्याचे भाग १९६४ साली प्रथम लोकांपुढे मांडले होते.

विजेतून ठोका घडविणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावे लागतात. मूळ कंपन कोणते? त्याच्या सोबतीला आणखी कोणती कंपने आहेत? आणि हे सारे कसे उठते व कसे विझते? घंटेला टोला दिला की ती आपल्या स्वरात झंकारते आणि हळूहळू शांत होते. टीआर-८०८ मधील मोठ्या ढोलाचे विद्युत्-मंडलही तसेच वागते. त्याला विजेचा क्षणिक धक्का दिला की सेकंदास सुमारे ५० कंपनांनी ते घुमते व विझते. किती वेळात विझावे, हे एक खुंटी फिरवून ठरविता येते. ताशासारखा कडक ठोका हवा असेल तर त्या कंपनात खरखर मिसळावी लागते. दोन आकाशवाणी केंद्रांच्या मध्ये रेडिओची सुई ठेवल्यावर जी ऐकू येते, तीच ही खरखर. ती क्षणार्धात तोडली की टिपरीचा घाव वाटतो. तीच तीन-चार वेळा लागोपाठ तोडली की टाळ्यांचा भास होतो. झांजेसाठी या यंत्रात एकमेकांशी न जुळणाऱ्या सहा स्वरांचा कल्लोळ केलेला आहे. कारण धातूच्या पत्र्याची कंपने सरळ हिशेबात बसत नाहीत. अमेरिकेतील जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली शोधलेल्या पद्धतीत एका कंपनाने दुसऱ्यास वेगाने डोलवितात. ती दोन्ही १ : १.४ अशा विषम प्रमाणात ठेवली की देवळातील घंटेसारखा नाद उमटतो.

टीआर-८०८ चे नाद खऱ्या ढोलासारखे वाटत नाहीत, अशी तक्रार आरंभीच झाली. सुमारे १२,००० यंत्रे बनल्यावर १९८३ साली त्याचे उत्पादन थांबले. मग ती यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि अमेरिकेतील गरीब वस्त्यांतील तरुणांनी ती उचलली. खऱ्यासारखा नसलेला तो खोल ठोकाच त्यांना आवडला. आज आपल्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीतून जो हादरा येतो, त्याचे मूळ बव्हंशी त्या ठोक्यात आहे.

मुंबईतील एक ध्वनिमुद्रिका

हे यंत्र भारतातही लवकरच पोहोचले होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीआर-८०८ चा ठेका धरून भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग विद्युत्-वाद्यांवर वाजविले. त्या ध्वनिमुद्रिकेकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा पाश्चात्त्य रसिक चकित झाले. कारण काही वर्षांनंतर शिकागोत गाजलेल्या नृत्यसंगीताचे रूप त्यांना तिच्यात आधीच दिसले. सिंग २०१५ साली निवर्तले.

ती ध्वनिमुद्रिका मी कान देऊन ऐकली. राग चालतो, वळतो, आंदोलने घेतो. ठेका मात्र प्रारंभापासून अखेरपर्यंत जागचा हलत नाही. नृत्यासाठी तेच हवे, हे मान्य. परंतु ज्या तबल्यास गायकाच्या तानेबरोबर श्वास घेण्याची सवय आहे, त्याची जागा तेथे रिकामी जाणवते. ही रिकामी जागा कशाची, हे कळण्यासाठी आपल्या मृदंगाची घडण पाहिली पाहिजे.

शाईचे रहस्य

साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली असता मूळ कंपनाबरोबर जी उपकंपने उठतात, ती १.५९, २.१४, २.३० अशा आडव्यातिडव्या पटींत असतात. त्यामुळे सामान्य ढोलाला भारदस्त आवाज असतो; पण निश्चित स्वर नसतो. तंबोऱ्याच्या तारेची उपकंपने दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सरळ पटींत असतात, म्हणून तिला स्वर असतो. आपल्या कारागिरांनी कातड्याच्या मध्यभागी शाईचे पातळ थर चढविले, प्रत्येक थर दगडाने घोटला आणि त्या भाराने कातड्याची बेशिस्त कंपने सरळ पटींत आणून बसविली. हे त्यांनी गणिताने केले नाही. पिढ्यान्पिढ्या ऐकून, घोटून, पुन्हा ऐकून केले.

या करामतीचे शास्त्रीय मर्म चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी उलगडले. १९२० साली ‘नेचर’ नियतकालिकात एका सहकाऱ्यासमवेत आणि पुढे १९३४ साली विस्ताराने त्यांनी दाखविले की, मृदंग-तबल्याच्या शाईच्या मुखावर कंपनांचे नऊ प्रकार पाच सुसंवादी स्वरांत गोळा होतात. ज्यांना प्रकाशावरील संशोधनासाठी १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांना आपल्या मृदंगानेही कोडे घातले होते, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नदीकाठची माती, शाई, डाव्या मुखावरची कणीक, वादीत अडकविलेले गट्टे ही सारी नाद घडविण्याची साधनेच आहेत. यंत्रावरच्या खुंट्या त्यांच्याच वंशातल्या. म्हणून विजेने नाद घडविणे हे मुळात पाप ठरविता येत नाही.

नातवाचा पखवाज

माझ्यासोबत तीस वर्षे मृदंगाची साथ करणारे एक वृद्ध मृदंगाचार्य होते. ते आता नाहीत. त्यांचा नातू तंत्रशिक्षण घेतो. गेल्या चातुर्मासात तो आपला संगणक घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “बुवा, मी पखवाज बनवतोय. तुम्ही ऐका, आणि चुकलं तर सांगा.”

त्याने प्रथम एक साधे कंपन घेतले, ते झटकन उठवून सावकाश विझविले, आरंभी किंचित खरखर मिसळली. मी म्हटले, “हा ढोल झाला, बाळ. पखवाज बोलतो, हा बोलत नाही.” मग रामन यांचा सिद्धान्त मी त्याला सांगितला. त्याने उपकंपने दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी मांडली, आणि त्या लहानशा पेटीतून ‘ता’ उमटला! डाव्या अंगासाठी त्याने खोल कंपन घेतले व विझता विझता त्याचा स्वर किंचित उतरविला. ‘धुम’ निघाला. दोन्ही एकत्र येताच ‘धा’ झाला. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

मी त्याला ‘धा’ तीन वेळा वाजवावयास सांगितले. तिन्ही ‘धा’ तंतोतंत सारखे आले. मी विचारले, “तिहाईतला तिसरा धा पहिल्यासारखाच असतो का रे?” तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “आजोबांचा नसायचा.” आजोबा तिसऱ्या ‘धा’च्या आधी किंचित थबकत, हात अधिक मोकळा सोडत आणि मग समेवर येत. त्या मुलाने पुढे कित्येक दिवस खपून बोटाच्या दाबाप्रमाणे नाद बदलेल अशी योजना केली. आता तो यंत्राला ठेका लावून देत नाही. स्वतः बोटांनी वाजवितो. आजोबांच्या जुन्या ध्वनिफिती ऐकतो, आणि आठवड्यातून दोन दिवस खऱ्या पखवाजावर हातही बसवितो. यंत्राने त्याला मृदंगाकडे परत आणले, असेच म्हणावे लागेल.

न थांबणारा ठेका

याच्या उलट अनुभवही सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या उत्सवात मी कीर्तनास गेलो. मृदंगी दिसेना. व्यवस्थापकांनी नम्रपणे सांगितले, “महाराज, मृदंगी यायचा म्हणजे बिदागी, भाडं, जेवण, म्हणून ही पेटी आणली. हवा तो ताल लावा.” पेटीचा नाद वाईट नव्हता. पूर्वरंग पार पडला. उत्तररंगात आख्यान ऐन भरात आले आणि श्रोत्यांचे डोळे पाणावले, तेव्हा मी थांबलो. कीर्तनकाराचे थांबणे हाही शब्दच असतो. कोणताही मृदंगी त्या क्षणी हात उचलून धरतो. पेटी मात्र ठेका देतच राहिली. मागे कोणीतरी हसले, आणि उभे केलेले सारे चित्र विरून गेले.

दोष पेटीचा नव्हता. तिला ऐकावयास कान नव्हते. दोष तिला साथीदाराच्या आसनावर बसविणाऱ्यांचा होता. आणि त्यात माझाही वाटा होता. कारण मृदंगी नाही म्हणून कीर्तन थांबविण्याचे धैर्य मी दाखविले नाही. आज अनेक देवळांत आरतीला कळ दाबताच नगारा, घंटा व झांज आपोआप वाजविणारी यंत्रे आहेत. मनुष्यबळाची अडचण खरी आहे, तिला हसू नये. परंतु आरतीच्या वेळी टाळ धरावयास धावणारे मूल त्या यंत्रापाशी हात बांधून उभे राहते, त्याचा विचार कोणी करावयाचा? उद्याचा मृदंगी त्या मुलातूनच व्हावयाचा असतो.

मापकाच्या कानाला न लागणारा ठोका

राहिला प्रश्न मिरवणुकीचा. ध्वनिप्रदूषणाविषयी केंद्र शासनाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास मनाई आहे. राज्य शासनास वर्षातून फार तर १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते. हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु एक सूक्ष्म गोष्ट क्वचितच चर्चिली जाते. या मर्यादा ज्या मोजणीत सांगितल्या आहेत, ती मंद आवाजातील मानवी श्रवणाच्या बेताने केलेली असून, तीत अगदी खोल कंपनांना फार कमी वजन मिळते. सेकंदास ५० कंपनांचा ठोका या मोजणीत सुमारे ३० डेसिबलने उणा भरतो. आणि नेमकी हीच खोल कंपने भिंती भेदून घरातील अंथरुणावरच्या वृद्धापर्यंत व पाळण्यातील बालकापर्यंत पोहोचतात. म्हणून मापकाचा आकडा त्या हादऱ्याची पुरी कथा सांगत नाही, आणि ‘आम्ही मर्यादेत होतो’ व ‘आमचे घर हादरले’ ही परस्परविरुद्ध विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. शासनाने खोल कंपनांची निराळी मोजणी करण्याचा विचार करावा, अशी विनंती या निमित्ताने करावीशी वाटते.

निष्पत्ती

आता विवेचनाची सांगता करू. विजेने नाद घडविणाऱ्या तरुणांना दूर लोटू नये. त्यांना एवढेच सांगावे की, यंत्रात आयता भरून आलेला ठोका उचलू नका, स्वतः घडवा. घडविण्यापूर्वी ऐका: गावच्या मृदंग्याला, ताशेवाल्याला, देवळाच्या घंटेला, आणि आषाढात पत्र्यावर पडणाऱ्या पावसालाही. मंडळांनी आपल्या पथकातील वादकांचे ठोके आणि मुलांनी घडविलेले नाद यांचा संगम अवश्य करावा; मात्र तो शेजारच्या घरातील आजाऱ्यास सोसेल एवढ्याच आवाजात. देवस्थानांनी तालाची पेटी सरावासाठी मुलांच्या हाती द्यावी, आरतीच्या व कीर्तनाच्या वेळी मात्र माणसाचाच हात वाद्यावर असू द्यावा. पेटीने वाचणारी बिदागी फार मोठी नसते. एका मृदंग्याचा संसार आणि एका विद्येची परंपरा मात्र तिच्यावर चालते.

यंदा आमच्या गावच्या उत्सवात तो नातू माझ्यामागे उभा राहणार आहे, गळ्यात आजोबांचा पखवाज अडकवून. त्याने घडविलेला विजेचा नाद संध्याकाळी मुलांच्या कार्यक्रमात वाजेल. कीर्तनात शाईचाच बोलेल. मी आख्यानात थांबेन, तेव्हा तो हात उचलून धरील, अशी मला खात्री आहे.

सूपासारखे विशाल कर्ण धारण करणाऱ्या त्या शूर्पकर्ण गजाननाने आम्हां सर्वांस ऐकण्याची बुद्धी द्यावी, हीच या मंगल दिनी त्याच्या चरणी प्रार्थना.